सोपे आणि स्पष्ट कसे लिहावे: मसुद्यापासून शेवटच्या वाचनापर्यंत

सूचना, अर्ज, अहवाल, ईमेल, यंत्र वापरण्याची माहितीपत्रिका अशा कामाच्या लेखनासाठी ही पद्धत आहे. असे लेखन वाचणाऱ्याला वाचून झाल्यावर काहीतरी करायचे किंवा ठरवायचे असते. आधी एक नमुना पाहा:

“संस्थेच्या इमारतीतील पाण्याच्या टाकीच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याने पाणीपुरवठा काही काळ खंडित राहण्याची शक्यता असून सर्व सभासदांनी याची नोंद घेऊन सहकार्य करावे ही विनंती.”

व्याकरणात कुठेही चूक नाही. तरी पाणी कधी जाणार, किती वेळ जाणार आणि सहकार्य म्हणजे नेमके काय करायचे, हे कळत नाही. आता हे वाचा:

“बुधवारी, १२ तारखेला सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत नळाला पाणी येणार नाही. टाकी धुवायची आहे. मंगळवारी रात्रीच पाणी भरून ठेवा.”

पहिल्या मजकुरात २६ शब्द आहेत, दुसऱ्यात २२. म्हणजे काटछाट फारशी झालेलीच नाही. दुसरे लिहिणाऱ्याने दिवस ठरवला, कामाला किती तास लागतील ते विचारून घेतले आणि लोकांनी काय करायचे याचा विचार केला. पहिल्याने यातले काहीच ठरवले नव्हते आणि ती उणीव “काही काळ”, “शक्यता”, “सहकार्य” या शब्दांखाली झाकली. अवघड वाक्यांपैकी बरीचशी अशीच जन्माला येतात. म्हणून भाषेला हात लावण्याआधी, काय ठरायचे राहिले आहे ते शोधावे.

लिहायला बसण्याआधी

कागदावर एक ओळ लिहा: “हे वाचून अमक्याने अमुक तारखेपर्यंत अमुक करावे.” यातल्या तिन्ही जागा भरता आल्या तरच पुढे जा. एखादी भरता येत नसेल तर लिहू नका. ज्याला माहीत आहे त्याला विचारा. वाचक दोन तऱ्हेचे असतील, उदाहरणार्थ पैसे भरणारे आणि पैसे स्वीकारणारे, तर दोन वेगळे मजकूर करा. एकाच मजकुरात दोघांना बसवले की प्रत्येकाला निम्मा मजकूर गाळून वाचावा लागतो, आणि आपला निम्मा कोणता हेही त्यालाच शोधावे लागते.

मग त्या ओळीतली गोष्ट सगळ्यात वर घ्या. पार्श्वभूमी, आधीच्या पत्रांचे क्रमांक, आभार खाली जाऊ द्या. विषयाच्या ओळीलाही हेच लागू आहे. “पाणीपुरवठ्याबाबत” ही ओळ कशाबद्दल आहे एवढेच सांगते. “बुधवारी १० ते ४ पाणी बंद” ही ओळ निरोपच देते. “बाबत”ने संपणारी विषयाची ओळ दिसली की ती बदलता येते का, हे जरूर पाहावे.

आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे आयएसओने, २०२३ साली सोप्या भाषेसाठी २४४९५-१ या क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. त्यातली तत्त्वे चार आहेत: वाचकाला हवे ते मिळावे, ते सहज सापडावे, सापडलेले समजावे आणि समजलेले वापरता यावे. शब्द आणि वाक्ये यांची पाळी इथे तिसऱ्या तत्त्वात येते. पहिली दोन कामे नीट झाली नसतील, तर वाक्ये कितीही सोपी केली तरी वाचक चुकीच्याच पानावर अडकून राहतो.

क्रियापद फार लांब जाऊ देऊ नका

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते. कोणी, कधी, कुठे, कशासाठी हे सगळे वाचकाला मनात धरून ठेवावे लागते आणि मग शेवटी कळते की काम झाले, होणार आहे की झालेच नाही. आपली तात्पुरती स्मृती एका वेळी साधारण चारच गोष्टी सांभाळते. पाहा:

“काल झालेल्या बैठकीत ठरल्याप्रमाणे नवीन अर्जदारांनी भरून दिलेल्या आणि कार्यालयाने तपासलेल्या अर्जांची यादी समितीच्या सचिवांनी मंजुरीसाठी पाठवलेली नाही.”

“पाठवलेली” या शब्दापर्यंत वाचक समजून चालतो की काम झाले. शेवटचा “नाही” सगळे उलटवतो आणि वाक्य पुन्हा वाचावे लागते. शिवाय बैठकीत काय ठरले होते, यादी पाठवायची की पाठवायची नाही, हेही कळत नाही. सुधारून असे होईल: “समितीच्या सचिवांनी अर्जांची यादी अजून मंजुरीसाठी पाठवलेली नाही. कार्यालयाने नवे अर्ज तपासले आहेत, त्यामुळे यादी तयार आहे. ती पाठवायची असे कालच्या बैठकीत ठरले होते.”

तपासण्याची रीत सोपी आहे. मसुद्यातल्या प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली एक रेघ आणि मुख्य क्रियापदाखाली एक रेघ ओढा. दोहोंच्या मध्ये सात-आठ शब्दांपेक्षा जास्त आले तर वाक्य फोडा. पंधरा शब्दांच्या आसपासची वाक्ये बहुतेकांना एका दमात समजतात, आणि पंचविसाच्या पुढचे वाक्य प्रत्येक वेळी संशयाने पाहावे. हे अंदाजे माप आहे, नियम म्हणून त्याला चिकटून राहू नका. रुडॉल्फ फ्लेश यांचे १९४८ सालचे वाचनीयतेचे सूत्र, म्हणजे मजकूर वाचायला किती सोपा आहे ते मोजण्याची रीत, इंग्रजीसाठी बनवले आहे. ते वाक्याची लांबी आणि शब्दातले उच्चारघटक मोजते, आणि ते मराठीला जसेच्या तसे लावू नये. आपल्याकडे विभक्ती आणि अव्यये शब्दालाच चिकटतात. “शेजाऱ्यांकडूनसुद्धा” हा लांबलचक शब्द लहान मुलालाही कळतो, आणि “यास्तव” हा तीन अक्षरांचा शब्द मोठ्यांना अडवतो.

वाक्ये तोडताना एक चूक हमखास होते. सगळी तोडतात आणि त्यांना बांधणारे शब्दही फेकून देतात. “पाऊस आला. काम थांबले. मजूर आले होते.” यात कशामुळे काय झाले ते वाचकाने ओळखायचे. म्हणून, पण, कारण, तरीही, त्याआधी हे शब्द ठेवा. तर्क तेच वाहून नेतात.

कर्त्यामागे विशेषणांची रांग लागत असेल तर “जो... तो” ही आपली जुनी रचना वापरा. “मागील महिन्यात रकमेचा भरणा केलेल्या सभासदांनी पुनश्च भरणा करू नये” याऐवजी “ज्यांनी मागच्या महिन्यात पैसे भरले आहेत, त्यांनी पुन्हा भरू नयेत.” बोलताना आपण असेच बोलतो. लिहिताना मात्र ही रचना का कोण जाणे कमी प्रतीची समजली जाते, आणि त्यात लेखनाचे मोठे नुकसान होते.

“करण्यात आले” म्हणजे कोणी केले?

क्रियापदाचे नाम करायचे आणि त्याला “करण्यात येणे” जोडायचे, ही कार्यालयीन मराठीतली सर्वांत पसरलेली खोड आहे. “अर्जांची तपासणी करण्यात आली.” तपासले कोणी? चूक निघाली तर कोणाकडे जायचे? “कार्यालयाने अर्ज तपासले” म्हटले की उत्तर वाक्यातच मिळते. “निर्णय घेण्यात आला” म्हणजे कोणीतरी ठरवले, त्याचे नाव किंवा पद लिहा. “उपस्थिती दर्शवली” म्हणजे आले. “वापर करण्यात यावा” म्हणजे वापरा. कर्ता लिहायला गेल्यावर अनेकदा ध्यानात येते की जबाबदारी कोणावर हेच ठरलेले नाही, आणि “योग्य ती कार्यवाही करण्यात येईल” हे वाक्य म्हणूनच लिहिले गेले होते.

कर्ता माहीत नसेल किंवा त्याने फरक पडत नसेल तेव्हा तो गाळायला हरकत नाही. त्यासाठी मराठीकडे क्रियापदांच्या सुंदर जोड्या आहेत: फुटणे आणि फोडणे, पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे. “काच फुटली” म्हणजे जे घडले ते. “काच फोडली” म्हणजे कोणीतरी केले. कोणती बाजू खरी आहे ते पाहून शब्द निवडा. फोडली असताना “फुटली” लिहिणे सोपे असते, पण त्या एका शब्दात अहवालाचा खरेपणा जातो.

या खोडीची सख्खी बहीण म्हणजे “च्या”ची साखळी. “संस्थेच्या इमारतीच्या दुरुस्तीच्या कामाच्या खर्चाचा तपशील.” लागोपाठ तीन “च्या” आले की थांबा आणि दडलेले क्रियापद बाहेर काढा: “संस्थेची इमारत दुरुस्त करायला किती खर्च आला, त्याचा तपशील.” “च्या माध्यमातून”, “च्या अनुषंगाने”, “च्या दृष्टिकोनातून” यांची जागा बहुधा एखादा प्रत्यय घेतो. “ईमेलच्या माध्यमातून कळवावे” म्हणजे “ईमेलने कळवा”. ने, ला, त, हून हे छोटे प्रत्यय भाषेने याच कामासाठी घडवले आहेत.

एका वाक्याचे दोन अर्थ

अवघड वाक्य निदान थांबवते. दोन अर्थांचे वाक्य अधिक घातक असते, कारण वाचक न थांबता चुकीचा अर्थ घेऊन पुढे जातो.

“सगळ्या खोल्या रिकाम्या नाहीत.” एक वाचक समजतो की एकही रिकामी नाही, दुसरा समजतो की काही भरलेल्या आहेत. “सगळे” आणि “नाही” एका वाक्यात आले की ते फोडा: “एकही खोली रिकामी नाही” किंवा “काही खोल्या भरलेल्या आहेत”.

“सुनीलने अनिलला त्याच्या चुकीबद्दल सांगितले.” चूक कोणाची? नाव पुन्हा लिहा, पुनरुक्तीला घाबरू नका. “संचालक आणि सचिव भेटले. त्यांनी राजीनामा दिला.” इथे “त्यांनी” हे एकासाठी वापरलेले आदरार्थी बहुवचन की दोघांसाठीचे बहुवचन? आदरार्थी बहुवचनामुळे मराठीत हा घोटाळा वारंवार होतो, तेव्हा पद लिहा. “आपण” तर आणखी निसरडा. “आपण केलेली चूक” म्हणजे तुम्ही केलेली की आपण सगळ्यांनी मिळून केलेली? वाचकाला उद्देशून असेल तर “तुम्ही” लिहा, त्यात अनादर नाही. दोघांसाठी असेल तर “आपण दोघे” किंवा “आपण सगळे”, आणि वाचकाला वगळून असेल तर “आम्ही”.

“फक्त”, “च”, “ही” यांची जागा सरकली की अर्थ सरकतो. “मी फक्त अर्ज वाचला” म्हणजे जोडलेली कागदपत्रे वाचली नाहीत. “फक्त मी अर्ज वाचला” म्हणजे बाकीच्यांनी वाचला नाही. हा शब्द ज्याच्याबद्दल आहे त्याला चिकटून ठेवा.

वेळेबद्दल आपली रोजची भाषा फार मोकळी आहे. “परवा” हा शब्द मागचाही आहे आणि पुढचाही, क्रियापद येईपर्यंत कळत नाही. “पुढच्या मंगळवारी” म्हणजे या आठवड्यातल्या की त्यानंतरच्या? “१० तारखेपर्यंत” यात १० तारीख धरायची का? “१२ वाजता” म्हणजे दुपारी की रात्री? तारीख, वार आणि प्रहर तिन्ही लिहा: “मंगळवार, १० तारखेला दुपारी ४ पर्यंत, १० तारीख धरून.” वार आणि तारीख दोन्ही लिहिल्याचा आणखी एक फायदा: एकात चूक झाली तर दोन्ही जुळत नाहीत आणि ती लगेच पकडली जाते.

संख्या अंकांत लिहा. पावणेदोनशे म्हणजे १७५ हे ऐकताना कळते, वाचताना घाईत २०० च्या पुढचे काहीतरी वाटते. एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांची गल्लत करणारे वाचक कमी नाहीत. ७९ आणि ८९ यांची कोणी करत नाही. टक्क्यांची वाढ सांगताना दोन्ही टोके द्या. व्याजदर ४ वरून ५ टक्के झाला तर “१ टक्क्याने वाढला” म्हणता येते आणि “२५ टक्क्यांनी वाढला” असेही म्हणता येते. “४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला” यात वादाला जागा उरत नाही.

शब्द कोणते घ्यायचे

शब्द संस्कृतातून आला, फारसीतून आला की इंग्रजीतून, यावरून तो सोपा की अवघड ते ठरत नाही. कसोटी एकच: तुमचा वाचक हा शब्द स्वतः बोलताना वापरतो का? वापरत असेल तर घ्या. या कसोटीवर सदर, उपरोक्त, यास्तव, विवक्षित गळून पडतात आणि हा, वरचा, म्हणून, ठरावीक हे टिकतात. शास्त्रीय किंवा कायद्याचा शब्द टाळता येत नसेल तर पहिल्यांदा येईल तिथेच एका वाक्यात त्याचा अर्थ सांगा.

एकदा निवडलेला शब्द मात्र शेवटपर्यंत बदलू नका. तोच शब्द पुन्हा वापरू नये हे शाळेत निबंधासाठी शिकवलेले असते, आणि कामाच्या लेखनात तीच सवय नडते. पहिल्या ओळीत “झडप”, तिसरीत “व्हॉल्व्ह” आणि पाचवीत “चावी” लिहिले तर वाचक तीन वेगळे भाग शोधत बसतो.

जोडीने येणारे शब्द निम्मे करा: “मोफत विनामूल्य”, “पुन्हा परत”, “पण परंतु”. आणि शुद्धलेखनाला केवळ शिस्तीचा विषय समजू नका. “त्याचा” आणि “त्यांचा” यांत एका टिंबाने माणसांची संख्या बदलते. “शिर” म्हणजे डोके, “शीर” म्हणजे रक्तवाहिनी.

कृती सांगताना

पायऱ्या लिहिताना क्रम चुकला की नुसता गोंधळ होत नाही, वस्तू मोडते किंवा माणसाला इजा होते. “नवीन फिल्टर बसवून झाकण घट्ट करावे, तत्पूर्वी नळ बंद करून दाब काढून टाकलेला असावा.” वाचणारा हातात वस्तू घेऊन वाचतो. “तत्पूर्वी” वाचेपर्यंत त्याने झाकण उघडलेले असते. जे आधी करायचे ते आधी लिहा:

१. पाणी येणारा नळ बंद करा.
२. खालची चावी उघडून आतले पाणी वाहून जाऊ द्या. धार पूर्ण थांबली की दाब गेला असे समजा.
३. झाकण, ते ज्या बाजूने काढायचे त्या बाजूने पाहत, घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवून काढा.
४. जुना फिल्टर काढा. रबरी कडे खाचेत नीट बसले आहे का पाहा, मग नवा फिल्टर बसवा.
५. झाकण हाताने घट्ट करा. पाना वापरू नका, जास्त आवळल्यास झाकणाला तडा जातो.
६. खालची चावी बंद करा.
७. नळ हळूहळू उघडा. जोडातून पाणी ठिबकले तर नळ बंद करून पायरी २ पासून पुन्हा करा.

या यादीत काही गोष्टी मुद्दाम केल्या आहेत. एका पायरीत शक्यतो एकच काम. दिसणारी खूण दिली आहे, म्हणजे “धार थांबली”, कारण “पुरेसा वेळ थांबा” याचा प्रत्येकाचा अर्थ वेगळा. “डावीकडे फिरवा” लिहिलेले नाही, कारण डावे कुठून पाहून? मनाईला कारण जोडले आहे, कारण ते कळलेला माणूस मनाई पाळतो. आणि काम बिघडले तर पुढे काय करायचे तेही आहे. सहावी पायरी लिहिणाऱ्याच्या हातून हमखास सुटते, कारण त्याला ती सवयीने जमते. ती सापडण्याचा मार्ग एकच: स्वतःच्या आठवणीवर न जाता, लिहिलेला मजकूर समोर ठेवून काम करून पाहणे.

अट नेहमी आधी येऊ द्या: “दिवा लाल असेल तर बटण दाबू नका.” उलट क्रमाने लिहिले तर घाईतला वाचक निम्म्यावरच कामाला लागतो. क्रियापदाचे रूपही सांभाळा. “करा” म्हणजे करायलाच हवे. “करू शकता” म्हणजे ऐच्छिक. “करावे” या दोहोंच्या मध्ये लटकते, म्हणून सक्तीच्या पायरीत ते नको. रूक्ष वाटेल अशी भीती असेल तर सुरुवातीला एकदा “कृपया” लिहा. “करा” हे रूप मुळात आदरार्थीच आहे.

सोपे करताना अट किंवा अपवाद गाळायचा मोह होतो. तो आवरावा. “६० वर्षांवरील सर्वांना सवलत” हे सुटसुटीत आहे, पण ज्याला आजच साठ पूर्ण झाली त्याचे काय? “६० वर्षे पूर्ण झालेल्या सर्वांना सवलत” यात दोन शब्द वाढले आणि खिडकीवरचा वाद मिटला.

तपासणी

लिहिल्या दिवशीच शेवटचा हात फिरवू नका. एक रात्र मध्ये जाऊ द्या, तेवढा वेळ नसेल तर निदान दुसरे काम करून या. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य लांब आहे, जिथे जीभ अडखळते तिथे रचना वाकडी आहे.

सगळे दोष एका वाचनात शोधू नका, सापडत नाहीत. एका फेरीत फक्त क्रम पाहा, दुसऱ्या फेरीत फक्त कर्ता आणि क्रियापद, तिसऱ्या फेरीत फक्त तारखा आणि आकडे. संगणकावर लिहिले असेल तर शोधण्याच्या सोयीत “ण्यात आ”, “ण्यात ये”, “माध्यमातून”, “सदर”, “योग्य”, “लवकर” एकेक टाकून पाहा. “लवकरात लवकर” सापडले तर तारीख घाला, “योग्य प्रमाणात” सापडले तर माप घाला.

शेवटी मजकूर अशा माणसाला द्या, ज्याला विषय माहीत नाही. “कळले का?” असे विचारू नका, लोक भिडेखातर हो म्हणतात. “हे वाचून तुम्ही आता काय कराल?” असे विचारा आणि तो जे सांगेल ते तुमच्या पहिल्या ओळीशी ताडून पाहा. तो वाचत असताना खुलासा करू नका. त्याने शंका विचारली तर तिचे उत्तर मजकुरात योग्य जागी लिहा, आणि तो बदललेला मजकूर तपासायला दुसऱ्या माणसाला द्या. पहिल्याला आता उत्तर माहीत झालेले असते.